मीठ-लिंबू वाढलेलं पान

आई, त्या खुर्चीवर तुम्ही आपणहून बसला नव्हतात. मी तुम्हाला बसवलं होतं.

एवढी दोन वाक्यं. ती बोलायला मला दहा महिने मिळाले होते. तुमची खोली स्वयंपाकघराला लागूनच, मधे अकरा पावलं. आज तुम्हाला जाऊन महिना झाला. सकाळपासून तुमच्या महिन्याचा स्वयंपाक चालला आहे आणि कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधे मी हे लिहायला बसले आहे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "आधी हातातलं काम संपव, मग कागद घे." पण माझ्या हातातलं राहिलेलं काम हेच आहे.

निनाद फौजेत जायचं म्हणाला तेव्हा मी आणि अभय आठवडाभर धड जेवलो नव्हतो. मॉरिसव्हिलमधल्या आमच्या ओळखीच्या सगळ्यांची मुलं कम्प्युटरकडे नाहीतर मेडिसिनकडे गेली, आमचा एकुलता एक निघाला अमेरिकन आर्मीत. लोक तोंडावर "वॉव, सो प्राउड" म्हणायचे आणि गाडीत बसल्यावर आपापल्या मुलांना जवळ घ्यायचे. तुम्ही तेवढ्या शांत होतात. नातू लेफ्टनंट होणार हे ऐकल्यावर तुमचा पहिला प्रश्न होता, "तिथे जेवायला नीट घालतात का?"

तो प्रश्न तुम्हीच विचारू शकत होतात. सांगलीला मुलींच्या वसतिगृहाची मेस तुम्ही तीस वर्षं चालवलीत. तुमच्या हाताखालून किती मुली जेवून गेल्या याचा हिशोब तुम्ही कधी ठेवला नाहीत, पण त्यातल्या कुणाला वांगं चालत नव्हतं हे तुम्हाला शेवटपर्यंत पाठ होतं. त्यामुळे निनादच्या तुकडीची मेजवानी आहे, घरच्यांनाही बोलावलं आहे, आणि ती 'मेस'चे सगळे नियम पाळून होणार आहे, असं कळल्यावर तुमच्या अंगात जे वारं भरलं ते मी आजवर पाहिलं नव्हतं.

त्याने नियमांची दोन पानं पाठवली होती. डायनिंग-आउट म्हणतात त्याला. तुम्ही ती पानं माझ्याकडून ओळ न ओळ मराठीत करून घेतलीत. उशीर करायचा नाही. प्रमुखाने सुरुवात केल्याशिवाय घास घ्यायचा नाही. परवानगीशिवाय पानावरून उठायचं नाही. काही विचारायचं असेल तर उभं राहून, 'मिस्टर व्हाइस' नावाचा जो सर्वांत धाकटा अधिकारी असतो त्याच्यामार्फत विचारायचं. यंदा तो मान निनादचा होता.

"अगं मीनल, हे तर आमचंच," तुम्ही म्हणालात. "माझ्याकडेही शेवटच्या मुलीचं आटपेपर्यंत पहिली उठायची नाही. उठली तर?"

"तर शिक्षा. एका मोठ्या भांड्यात काहीबाही मिसळून ठेवतात, ते सगळ्यांसमोर जाऊन प्यायचं."

"आम्ही कारल्याची भाजी दुसऱ्यांदा वाढायचो," तुम्ही म्हणालात आणि स्वतःशीच हसलात.

मी मात्र धास्तावले होते. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काम करते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेते. चूक होण्याआधीच मला ती दिसते, असा माझा एक समज होता. तुमच्यासाठी मी चौदा कलमांची यादी करून फ्रिजवर लावली. मोठ्याने बोलायचं नाही. 'हे कशात केलंय' असं विचारायचं नाही. पर्समधून लोणच्याची बाटली काढायची नाही. कुणाला आग्रह करायचा नाही. ब्याऐंशीला टेकलेल्या बाईला, जिने तीस वर्षं हजारो पानं मांडली तिला, मी जेवायला कसं बसायचं ते शिकवत होते. तुम्ही रोज सकाळी चहा घेताना ती यादी वाचायचात आणि म्हणायचात, "नववं कलम कठीण आहे." नववं आग्रहाचं होतं.

आपला एक जुना वादही त्या दिवसांत पुन्हा उकरला गेला. मिठाचा. तुमचं म्हणणं, पान घेतलं की पहिलं मीठ वाढायचं, वर मध्यभागी, मग त्याच्या डावीकडे लिंबू, आणि मग बाकीचं. माझं म्हणणं, टेबलावर सॉल्ट शेकर आहे ना, ज्याला हवं तो घेईल.

"घेईल गं. पण माणसाला मीठ मागायला लागू नये."

"मागत नाहीत आई, हात लांब करून घेतात."

"तेच ते," तुम्ही म्हणायचात. वीस वर्षं हा वाद चालला आणि तो मीच जिंकतेय असं मला वाटत होतं, कारण शेकर टेबलावरच होता.

ती ऑक्टोबरमधली संध्याकाळ होती. दीड तास ड्राइव्ह करून आम्ही पोचलो तेव्हा बाहेर लख्ख ऊन होतं. तुम्ही मोतिया रंगाची कांजीवरम नेसला होतात आणि गाडीत चढताना म्हणाला होतात, "निनादची मान खाली जाईल असं काही होऊ द्यायचं नाही हं मला." हॉलच्या दारात एसीचा गार झोत अंगावर आला. तुमची शाल गाडीतच राहिली होती, म्हणून अभय परत पार्किंगकडे गेला. लोक घोळक्याघोळक्याने उभे राहून गप्पा मारत होते, अजून कुणीच बसलेलं नव्हतं, आणि तुमचे गुडघे तेवढ्यातच बोलायला लागले होते.

दारातून आत गेल्यावर उजव्या हाताला, बाकीच्या टेबलांपासून वेगळं, एक छोटं गोल टेबल होतं. पांढराशुभ्र कपडा. फुलदाणीत एकच लाल गुलाब. पेटलेली मेणबत्ती. एक ताटली, तिच्यात लिंबाची फोड आणि चिमूटभर मीठ. ग्लास उपडा. आणि एकच खुर्ची, पुढे कलवून टेबलाला टेकवलेली.

मला तेव्हा काय वाटलं ते लाज सोडून सांगते. निमंत्रणाच्या फॉर्ममध्ये मी लिहिलं होतं, एक वयस्कर शाकाहारी पाहुण्या आहेत, गुडघ्याचा त्रास आहे, दाराजवळ जागा मिळाल्यास बरं. हे टेबल पाहिलं आणि मला वाटलं, वा, वाचला हं कुणीतरी फॉर्म! दाराजवळ आहे, एकाच माणसाचं आहे, आणि मीठ-लिंबूसुद्धा वाढून ठेवलंय. निनादनेच सांगितलं असणार, आजीला लागतं म्हणून. मला अगदी भरून आलं.

"आई, हे बघा. तुमची सोय."

तुम्ही टेबलापाशी येऊन थांबलात. "मीनल, ग्लास उपडा आहे गं."

"मग सरळ करू."

"तसं नाही. हे कुणाचं तरी राखलेलं पान आहे. कुणी यायचं राहिलंय."

"कोण राहील? इथे उशीर चालत नाही, वाचलं ना आपण?"

"अगं, पण मीठ-लिंबू वाढून भांडं उपडं..."

"आई, ही सांगलीची मेस नाही. बसा हो, तुमच्यासाठीच ठेवलंय."

आणि मी ती कललेली खुर्ची सरळ केली.

तुम्ही बसलात. ज्या घरात राहायचं तिथल्या सुनेच्या शब्दाबाहेर जायचं नाही, हा नियम तुम्ही कधी घातलात कुणास ठाऊक, मी तर कधीच घातला नव्हता, पण अमेरिकेत आल्यापासून तुम्ही तो पाळत होतात. 'इथलं तुला कळतं' असं म्हणून तुम्ही माझं सगळं ऐकायचात. बसताना पदर सावरलात. दोन्ही हात मांडीवर ठेवलेत. ताटलीला बोटसुद्धा लावलं नाहीत.

हॉलमधला आवाज एकेका घोळक्यातून कमी होत गेला. मी मागे वळून पाहिलं तर माणसं आमच्याकडे बघत होती, रागाने नाही, पण बघवत नसल्यासारखी. पलीकडच्या टोकाकडून निनाद येत होता. त्या निळ्या, सोनेरी पट्ट्यांच्या पोशाखात धावता येत नाही म्हणून तो नुसता भराभर चालत होता. त्याच्या मागे त्याची कॅप्टन, उंच, मधल्या वयाची बाई.

"आजी, नो. नो, नो. प्लीज गेट अप."

मग तो माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "मॉम, धिस इज फॉर द वन्स हू डिडन्ट कम बॅक." परत न आलेल्यांचं टेबल होतं ते. लिंबू त्यांच्या वाट्याला आलेल्या कडू नशिबाचं. मीठ घरच्यांच्या आसवांचं. ग्लास उपडा, कारण आज ते आपल्याबरोबर प्यायला नाहीत. खुर्ची कलती, कारण तिच्यावर कुणी बसणार नाही. ते टेबल त्याने स्वतः मांडलं होतं, दुपारी, फूटपट्टीने मापं घेऊन.

आई, त्या क्षणी मला बोलायला कुणीही सांगितलं नव्हतं. कॅप्टनबाई "इट्स ऑल राइट, मॅम" असंच म्हणत होत्या. पण माझ्या तोंडून शब्द निघाले ते असे: "आय ॲम सो सॉरी. शी इज एटी-वन. शी डझन्ट नो. शी जस्ट सॅट डाउन."

तिला माहीत नाही. ती आपली बसली.

तुम्हाला इंग्रजी बोलता येत नव्हतं, पण कळत सगळं होतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. एकदाच. त्या नजरेत राग असता तर मला आज बरं वाटलं असतं. वसतिगृहातली एखादी मुलगी काहीतरी फोडून उभी असावी आणि तुम्ही नुसतं तिच्या पायाला काच लागली नाही ना ते पाहत असाव्यात, तसं तुम्ही पाहिलंत. मग टेबलाचा आधार न घेता, कपडा ओढला जाऊ नये म्हणून, नुसत्या गुडघ्यांवर जोर देऊन उठायचा प्रयत्न केलात. कॅप्टनबाईंनी हात दिला.

"मी अभयला बघते," असं पुटपुटून मी तिथून निघाले. अभयला बघायला गेले नाही. रेस्टरूममध्ये गेले आणि तीनदा हात धुतले. पाच मिनिटं तरी मी आत होते. तुम्हाला त्या टेबलापाशी सोडून.

परत आले तेव्हा तुम्ही आमच्या टेबलावर शाल पांघरून बसला होतात आणि सगळं पूर्ववत झालं होतं. मी सुटकेचा श्वास टाकला, हेही लिहून टाकते.

मग जेवण झालं, रीतसर. त्या टेबलावरच्या एकेका वस्तूचा अर्थ एका सैनिकाने मोठ्याने वाचला. शिक्षेचं भांडंही आलं, कुणाचा टाय वाकडा म्हणून, कुणी भलत्या वेळी हसलं म्हणून. ज्याला शिक्षा व्हायची तो पिऊन पेला डोक्यावर उपडा करून दाखवायचा. एरवी तुम्ही हसून हसून डोळे पुसले असते. शेवटी गेलेल्यांच्या नावाने पाणी प्यायचं होतं. सगळे उभे राहिले. कुणी शब्द बोललं नाही. तुम्हीही उभ्या राहिलात, ग्लास दोन्ही हातांत धरून. प्यायच्या आधी तुम्ही बोटांनी दोन थेंब ताटलीच्या कडेला सोडलेत.

"आई, प्यायचं असतं," मी कुजबुजले.

"माहितीये," तुम्ही म्हणालात.

म्हणजे यादीत नसलेल्या पंधराव्या कलमाची चूकही मीच काढली. समोरच्या टेबलावरून कॅप्टनबाई तुमच्याकडे पाहत होत्या. त्यांनी मान थोडी खाली केली. ती तुमच्यासाठी होती हे मला आत्ता लिहिताना कळतंय.

परतीच्या वाटेवर गाडीत तुम्ही विचारलंत, "त्या पानावर पुढचं कोण वाढतं?"

"कुणी नाही आई. ते सिम्बॉलिक असतं."

"पुढचं वाढायचं नाही तर मीठ कशाला वाढलं?"

अभयने रेडिओ लावला.

ती गोष्ट तिथेच संपली असती तर कदाचित मी एवढी पोखरली गेले नसते. पण ती गोष्ट निनादने उचलली. थँक्सगिव्हिंगला त्याने ती मित्रांना सांगितली, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मीच आणखी रंगवून सांगितली, मंडळाच्या पाडव्याच्या पॉटलकला अभयच्या मित्राने ती मलाच परत ऐकवली. गोष्ट दर वेळी एकाच वाक्यावर यायची आणि लोक खो खो हसायचे: "आजी जस्ट सॅट डाउन!" माझं वाक्य. मी घाईत मारलेली एक थाप आमच्या घरची लाडकी आठवण होऊन बसली. आणि तुम्ही तिथेच असायचात, हातात चिवड्याची वाटी घेऊन. पाडव्याला कुणीतरी विचारलंच, "आजी, खरंच बसलात?" तुम्ही म्हणालात, "हो बाई, गुडघे दुखत होते. बसले."

माझ्या खोट्याला तुम्ही साक्ष दिलीत. मी तेव्हा श्रीखंडाचं भांडं घेऊन किचनकडे वळले.

एकदा मी बोलायला लागले होते. जूनमध्ये, तुमचे केस विंचरत होते. "आई, त्या दिवशी त्या हॉलमध्ये..." एवढं म्हणाले. तुम्ही लगेच म्हणालात, "आज भात मऊ कर गं थोडा." मी भात मऊ केला. तुम्ही मला अडवलंत की वाचवलंत, यावर मी महिनाभर विचार करते आहे. पण खरं ते हे, की तुम्ही अडवल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. बोलायचंच असतं तर भात लावून आल्यावर बोलता आलं असतं.

आणि आई, मी तुमच्यावर चिडलेही आहे. हो, महिन्याच्या दिवशी. एकदा तरी झापायचं होतंत मला. 'मी सांगत होते ना, ग्लास उपडा आहे म्हणून' एवढं एकदा, दार लावून का होईना, म्हणायचं होतंत. परक्या मुलींना दुसऱ्यांदा कारलं वाढणाऱ्या बाई तुम्ही. मला का नाही वाढलंत?

सगळ्यात जास्त काय लागतं ते तुमचं कपाट आवरताना लक्षात आलं. कपाटातलं काही नव्हे, स्वयंपाकघरातला एक स्टीलचा पेला लागतो. गेली सहा वर्षं आमच्या ऑफिसचे हैदराबादच्या टीमबरोबरचे कॉल संध्याकाळी असतात. जेवायच्या वेळी मी वरच्या खोलीत हेडफोन लावून. तुम्ही आणि अभय जेवून घ्यायचात आणि माझं ताट झाकून ठेवायचात. झाकण काढलं की वर मध्यभागी मीठ, डावीकडे लिंबाची फोड, शेजारी पाण्याचा पेला. उपडा. धूळ पडू नये म्हणून, असं मी समजायचे. वसतिगृहात ज्या मुलीची एसटी चुकायची तिचं पान तुम्ही असंच राखायचात, आणि कितीही गर्दी असली तरी त्या पानावर दुसरीला बसू द्यायचा नाहीत, हे तुम्ही मला कितीदा सांगितलं होतंत. मी कॉलमधून उतरून घाईघाईने जेवायचे, पेला सरळ करायचे, आणि माझ्यासाठी कुणीतरी वाट बघत होतं हे माझ्या डोक्यातही यायचं नाही. सहा वर्षं रोज माझ्यासमोर असलेलं पान मी त्या हॉलमध्ये ओळखलं नाही. तुम्ही दारातूनच ओळखलंत.

तुमच्या तेराव्याला निनाद बोलायला उभा राहिला. रडत रडत चांगलं बोलला. आणि मग लोकांना थोडं हसवावं म्हणून त्याने ती गोष्ट सांगितली. "अँड आजी जस्ट सॅट डाउन." सगळे हसले आणि सगळ्यांनी डोळे पुसले. मी पहिल्या रांगेत होते. मीही हसले. तुमच्या फोटोसमोर.

लोक गेल्यावर मी अभयला सांगितलं. तो खुर्च्या मिटत होता. मिटतच म्हणाला, "मला वाटलंच होतं. आई दुसऱ्याच्या पानावर बसणारी नव्हती."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील असं वाटलं."

त्यानंतरच्या रविवारी मी निनादला फोन केला. त्याला सगळं सांगितलं, ग्लास, खुर्ची, फॉर्म, तुमचं वाक्य, माझं वाक्य.

"मॉम, तू रेस्टरूममध्ये गेलीस तेव्हा," तो म्हणाला. तो मराठीत बोलत होता, ते त्याला जड जातं, तरी. "मी आजीला म्हटलं, से सॉरी टु द कॅप्टन. शी डिड. हात असे जोडून. 'चुकलं माझं' म्हणाली." मग तो इंग्रजीवर आला. "अँड आय सेड, इन इंग्लिश, आजी. आय मेड हर से इट ट्वाइस, मॉम."

आई, हे मला माहीत नव्हतं. त्या पाच मिनिटांत मी साबणाचा फेस धूत होते आणि तुम्ही माझी चूक आधी मराठीत आणि मग इंग्रजीत आपल्या नावावर करून घेत होतात. नातवासमोर. 'त्याची मान खाली जाईल असं काही होऊ द्यायचं नाही' म्हणून नेसलेल्या त्या मोतिया साडीत. चूक कबूल केली की मन हलकं होतं म्हणतात. माझं तर झालं नाही. मी माझ्या खांद्यावरचं थोडं काढून मुलाच्या खांद्यावर ठेवलं, एवढंच. तो फोनवर लहान मुलासारखा रडला, आणि त्याला जवळ घ्यायला तुम्ही नव्हतात.

इथे मधे उठावं लागलं. निनाद आला.

आता दुपारचा एक वाजायला आला आहे. त्याने आल्या आल्या हात धुतले आणि तुमचं पान मी मांडणार म्हणाला. केळीचं पान इंडियन ग्रोसरीतलं, फ्रोझन, कडेला काळं पडलेलं; तुम्ही नाक मुरडलं असतंत. खिडकीपाशी तुमच्याच खुर्चीसमोर त्याने ते पसरलं, ओल्या फडक्याने पुसलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"मॉम, मीठ कुठे?"

"आधी मीठच. वर, मध्ये."

"लेमन?"

"मिठाच्या डावीकडे."

त्याने चिमूट सोडली, फोड ठेवली, दोन पावलं मागे येऊन सरळ आहे ना ते पाहिलं. मग तुमचा स्टीलचा पेला उचलला आणि तसाच हातात धरून उभा राहिला. "अप ऑर डाउन?"

"उपडा ठेव. माणूस बसलं की सरळ करायचा."

मग त्याने वाढलं. सगळं वाढलं. चटणी, कोशिंबीर, बटाट्याची भाजी, मऊ भात, वरण, तूप, पुरण. एकही पदार्थ त्याने चुकीच्या बाजूला वाढला नाही. कारल्याची भाजीही मी केली आहे. ती तुमच्या पानावर नाही, माझ्या ताटात आहे, आणि मी ती दोनदा घेणार आहे. वाढून झाल्यावर तो तुमच्या खुर्चीसमोर ताठ उभा राहिला, त्या संध्याकाळी उभा होता तसा, आणि दोन्ही हात जोडून म्हणाला, "आजी, चुकलं माझं." एकदाच म्हणाला, मराठीत.

आता माझी पाळी आहे. अभय आणि निनाद ताटांवर माझी वाट बघत बसले आहेत. शेकर मी कपाटात ठेवून दिला आहे, तिन्ही ताटांत मीठ वाढलं आहे. तुमची खुर्ची मी मागे ओढली, पेला सरळ केला, काठोकाठ पाणी भरलं. आई, तिथे तुम्ही चुकला नव्हतात. ते पान खरंच दुसऱ्याचं होतं आणि तुम्ही मला ते सांगितलंही होतंत. हे मात्र दुसऱ्या कुणाचं नाही. आज तरी माझं ऐका.

बसा हो आई, तुमच्यासाठीच ठेवलंय.